हॅलोबाईंचं टेबल

हॅलोबाईंना कुणी "आता आराम करा" म्हटलं, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आराम आजारी माणसानं करावा आणि तोही बरं होईपर्यंत, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या कुणी न विचारताही सांगत. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घरी आल्या आल्या त्यांनी ते न्हाणीघराच्या दारावर लावलं. "वेळेशी आता माझं एवढंच काम उरलंय," म्हणाल्या. नवऱ्याला वाटलं, थट्टा करते आहे. थट्टा अजिबात नव्हती.

हॅलोबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे, ते गल्लीनं ठेवलेलं. तरुणपणापासून त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि तोंडाला तो शब्द असा चिकटला होता, की दारावर कुणी टकटक केली तरी त्या आतून "हॅलो" म्हणत. भाजीवाल्याला हॅलो, भांडायला आलेल्या शेजारणीलाही आधी हॅलो, मग काय ते. ज्या काळात रिसीव्हर उचलला की पलीकडून एखादी बाई "नंबर प्लीज" म्हणायची, त्या काळात शहरातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेली ती बाई म्हणजे ह्याच.

समोर भिंतीएवढा बोर्ड. त्यावर भोकांच्या रांगाच रांगा आणि पुढ्यात टोकाला पितळी दांडी असलेल्या दोऱ्या. दिवा लागला की दोरी उचलायची, एक टोक इथं लावायचं, दुसरं तिथं, की दोन माणसं बोलायला लागायची. कुणाला मुलगी झाली, कुणाचा माल अडकला, कुणाचं जमलेलं मोडलं, सगळं या दोन हातांतून पुढं गेलं. "आम्ही ऐकायचो नाही हं," त्या सांगत. "पण कळायचंच."

त्यांची सुपरवायझर मोठी जहाल होती. "दोरी खुपसायची नाही, ठेवायची," हे तिचं रोजचं पालुपद. कुणी जोर केला की बोटांवर लाकडी पट्टी बसायची, कारण जोरानं भोकातली पितळेची नाजूक पानं वाकतात आणि मग ती लाइन जन्मभर खरखरते. दुसरा नियम असा, की दोरी लावली की हात काढण्याआधी तोंडानं "लागली" म्हणायचं. तोंडानं म्हटलं की लक्ष भरकटत नाही. हॅलोबाईंच्या दोऱ्या इतक्या अलगद लागत, की शेजारच्या खुर्चीतल्या बाईला आवाज येत नसे. सगळ्या एक्स्चेंजमध्ये त्यांच्या हाताचं नाव होतं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. का म्हणून लपवावा?

मग आपोआप नंबर लावणारी यंत्रं आली. हमालांनी तो बोर्ड उचलला आणि मोडक्या कपाटासारखा टेम्पोत घातला. हॅलोबाईंना चौकशीच्या खिडकीत बसवण्यात आलं. आलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर जा म्हणायचं, किंवा साहेब आज नाहीत म्हणायचं. उरलेली सगळी नोकरी त्यांनी त्या खिडकीत काढली. तिथं बसून त्यांच्या जिभेला काम होतं, हातांना नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला कायम लागून राहिली.

लेकीनं घराखालच्या, रस्त्याकडे उघडणाऱ्या खोलीत कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान काढलं होतं. पोरगी कामाला वाघ होती. जोडणीला तिनं एक माणूस ठेवला होता, पण तो एका मोठ्या दुकानात निघून गेला आणि तिची तारांबळ उडाली. गिऱ्हाइकं, फोन, मालाची ने-आण यातच दिवस जायचा आणि जोडणीचं टेबल खोक्यांनी भरून पडायचं. हॅलोबाई दुपारी तिचा डबा घेऊन खाली उतरत. तो उघडेपर्यंत गार होई आणि संध्याकाळी अर्धा तसाच परत येई.

अशाच एका दुपारी लेक फोनवर होती आणि टेबलावर एक नवा मदरबोर्ड पिशवीतून काढून ठेवलेला होता. कॉम्प्युटरच्या पोटातला सगळ्यात मोठा तक्ता तो. बाकी जे काही असतं ते त्याला जोडायचं असतं. हॅलोबाईंनी चष्मा नीट केला आणि वाकून पाहिलं. पिनांच्या रांगा, लांबट खाचा, लहान-मोठी भोकं आणि प्रत्येकाच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात त्याचं नाव. त्या कितीतरी वेळ तशाच वाकून उभ्या होत्या.

"हा तर माझा बोर्ड!" त्या म्हणाल्या.

"आई, गिऱ्हाइकाचा आहे तो," लेक फोनवर हात ठेवून म्हणाली. "हात नको लावूस."

"मी जोडते की. शिकव मला."

लेक हसली. हसायला नको होतं. "तू असं कर ना, दुकानातले फोन घेत जा. तुझ्याइतकं गोड कोण बोलतं? माझं अर्धं ओझं कमी होईल."

झालं. हॅलोबाईंनी डबा असा आदळला, की वरचं झाकण उडून टेबलाखाली गेलं. "फोन घ्यायला मी जन्मात बसणार नाही. खिडकीत बसवलं तेव्हा समोर सरकार होतं, तोंड उघडता आलं नाही. तू काही सरकार नाहीस. मला या टेबलाशी बसायचंय. हातांनी काम करायचंय."

लेक आईवरच गेलेली, त्यामुळे तीही लगेच नमणारी नव्हती. आठवडाभर दोघींमध्ये मिठाच्या बरणीपुरतं बोलणं चाललं. शेवटी वैतागले ते यजमान. "अगं, देऊन टाक तिला एखादा बोर्ड," ते लेकीला म्हणाले. "कालपासून माझ्या रेडिओकडे फार प्रेमानं बघतेय ती."

लेकीनं भंगाराच्या खोक्यातून एक मेलेला बोर्ड शोधून काढला, त्याच्यासोबत तसाच निकामी प्रोसेसर, मेमरीची पट्टी, पंखा आणि वायरींचा गुंता दिला, आणि कुठलं काय कुठं जातं ते एकदा करून दाखवलं. हॅलोबाईंनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. सकाळी सगळं जोडायचं, दुपारी सोडवायचं, संध्याकाळी परत जोडायचं. यजमान ताट घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर जेवायला बसू लागले. "मेलेल्याची इतकी सेवा करतेस," ते म्हणाले, "जिवंताकडेही जरा बघ." हॅलोबाईंनी त्यांना वरण वाढलं आणि तोंडानं "लागली" म्हणत पट्टी बसवली.

आणि खरंच, सगळं कसं सहज बसायचं! लोण्यात सुरी जावी तसं. बोटानं नुसतं टेकवलं की पट्टी खाचेत, प्लग जागेवर. हाताचं वळण इतक्या वर्षांनीही गेलं नाही म्हणून हॅलोबाई मनातल्या मनात फुशारल्या. तो बोर्ड वर्षानुवर्षं दुकानात भाग तपासायला वापरलेला होता आणि त्याच्या खाचा जुन्या चपलेसारख्या सैल झाल्या होत्या, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. लेकीला माहीत होतं, पण ते सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही.

शेवटी लेकीनंच विषय काढला. "एक मशीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत तू. मी हात लावणार नाही. बटण दाबल्यावर पहिल्या फटक्यात स्क्रीन लागला, तर टेबल तुझं. नाही लागला, तर तू फोनपाशी बसायचं आणि परत हा विषय काढायचा नाही. बोर्ड बिघडला तर गिऱ्हाईक माझ्या दारात येतं, आई. तुझ्या नाही."

"कबूल," हॅलोबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्या वळल्या. पुन्हा खिडकी नशिबी आली तर या वेळी ती घरचीच असणार होती.

गिऱ्हाईक होता कोपऱ्यावरचा फोटोवाला. त्याचं जुनं मशीन बंद पडलं होतं आणि तो सकाळीच येऊन ठाण मांडून बसला. "घेऊनच जातो," म्हणाला. हॅलोबाई अंगठी आणि मनगटावरचं घड्याळ काढून ठेवून, इस्त्रीच्या कपड्यांत खाली उतरल्या. टेबलासमोर उभ्या राहिल्या. स्टुलावर त्या बसल्याच नाहीत; ते लेकीच्या लांब टांगांच्या मापाचं होतं आणि हॅलोबाई बसल्या असत्या तर त्यांचे पाय लोंबकळले असते.

कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या रिकाम्या पेटीच्या, पत्र्याला बोट लावून त्यांनी आधी अंगातली वीज उतरवली. मग बोर्ड त्याच्या खोक्यावर आडवा ठेवला आणि प्रोसेसर घेतला. बिस्किटाएवढा तुकडा, पण सगळ्यात नाजूक. त्याच्या कोपऱ्यातला बारीक त्रिकोण बोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि तो नुसता ठेवला. ठेवणं म्हणजे तर त्यांच्या हातचा मळ. त्याला जागेवर धरणारी दांडी खाली ओढली तशी ती करकरली आणि वरचं काळं झाकण टुणकन उडालं. फोटोवाला दचकला. "असंच असतं," हॅलोबाईंनी त्याला धीर दिला, पण घरच्या बोर्डची दांडी कधी करकरली नव्हती, हे त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग मेमरीची पट्टी. खाच जुळवली, दोन्ही टोकांना बोटं टेकवली, अलगद खाली केली. एका टोकाची कडी वर आली. "लागली." प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका, त्यावर पंखा, पंख्याची वायर. "लागली." बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी त्यांनी मागच्या भोकांची पत्र्याची पाटी आठवणीनं लावली. सगळं जोडून झाल्यावर ही पाटी टेबलावरच राहिलेली दिसते आणि सगळं परत सोडवावं लागतं, ही पाळी भल्याभल्यांवर येते. लेकीवर तर दोनदा आली होती, म्हणून पाटी लागलेली पाहून लेकीनं खिडकीबाहेर बघितलं.

पॉवरचा रुंद प्लग बराच वेळ आढेवेढे घेत होता, पण त्याची कडी समोर दिसत होती, ती अडकेपर्यंत त्यांनी थोडं थोडं करून तो नेला. आणि मग आल्या पुढच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या वायरी. दोन-दोन भोकांची इवलीशी टोकं आणि केसासारख्या पिना, त्याही बोर्डच्या पार कोपऱ्यात. जोडणाऱ्या माणसाचं डोकं इथंच फिरतं. लेक त्यासाठी चिमटा वापरायची आणि अधूनमधून शिव्याही. हॅलोबाईंनी चिमट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अक्षरं वाचली, टोक उचललं, टेकवलं. "लागली." पुढचं. "लागली." बोटं अशी चालली होती, जणू मधली सगळी वर्षं गेलीच नव्हती.

"काकू, तुम्ही हेच करत आलात का आजवर?" फोटोवाल्यानं विचारलं.

"हेच," हॅलोबाई मान न वळवता म्हणाल्या. "मध्ये जरा खंड पडला."

लेक तोंड उघडं टाकून बघत होती, आणि हॅलोबाईंनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पुरतं टिपलं.

स्क्रीनची वायर लावली. भिंतीतलं बटण चालू केलं. मग कॅबिनेटचं बटण दाबलं. पंखा गरगरला. पुढचा दिवा लागला. सगळ्यांच्या माना स्क्रीनकडे वळल्या.

स्क्रीन काळा. तिघं बघत राहिले. पंखा आपला फिरतोय, स्क्रीन आपला काळा. थोड्या वेळानं त्यावर सिग्नल नाही अशी ओळ आली आणि तीही गेली.

फोटोवाला खोकला. लेकीचा हात आपोआप कॅबिनेटकडे आला.

"हात लावशील तर बघ," हॅलोबाई म्हणाल्या.

लेकीनं हात मागं घेतला.

लाइन मेली की काय करायचं हे हॅलोबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. घाबरून सगळं उपटणाऱ्या बाया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. उपटायचं नाही. पहिल्या दोरीपासून निघायचं आणि एकेक चाचपत शेवटच्या दोरीपर्यंत जायचं. त्यांनी बटण बंद केलं, भिंतीतली वायर काढली आणि कॅबिनेटमध्ये हात घातला. पंख्याची वायर, लागलेली. रुंद प्लग, लागलेला. त्याचा धाकटा भाऊ, प्रोसेसरला वीज देणारा छोटा प्लग, तोही लागलेला. अंगठा मेमरीच्या पट्टीवर आला, या टोकापासून त्या टोकाकडे सरकला आणि थांबला. पलीकडचं टोक केसभर वर होतं. डोळ्यांना दिसलं नसतं. अंगठ्याला कळलं.

त्यांनी दाबलं. पट्टी हलली नाही. पुन्हा दाबलं. बोटं एका जागेपर्यंत जात आणि तिथं आपणहून थांबत. त्या जागेच्या पुढं जोर होता. जोर म्हणजे वाकलेली पानं, जोर म्हणजे जन्माची खरखर, जोर म्हणजे बोटांवर लाकडी पट्टी. सगळं आयुष्य जे टाळण्यात या हातांनी नाव कमावलं, तेच आता करायचं होतं, तेही दुसऱ्याच्या नव्याकोऱ्या बोर्डवर. मोडला तर लेकीच्या दुकानाचं नाव जाणार. लेक ओठ दाताखाली धरून उभी होती. बोलायचं तिनं मोठ्या कष्टानं टाळलं आणि त्याबद्दल तिचं कौतुकच करायला हवं.

हॅलोबाई पुन्हा वाकल्या, पट्टीच्या कडेला डोळा नेला. खाचेच्या वर सोनेरी रेघ दिसत होती; म्हणजे पट्टी अर्धवट बाहेर. ती आत जायलाच हवी होती, आणि जायची तर ठेवून जाणार नव्हती. "सुपरवायझरबाई, माफ करा," त्या पुटपुटल्या. त्यांनी दोन्ही अंगठे पट्टीवर रोवले, खांदे पुढं घेतले आणि अंगातला सगळा जोर खाली लावला. बोर्ड दबला. चक्क वाकला. तरी त्यांनी अंगठे उचलले नाहीत.

टक्.

"लागली!" हॅलोबाई ओरडल्या, आणि रस्त्यावरून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला.

वायर लावली, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळला. काळ्यावर पांढरी अक्षरं, मग सगळे भाग ओळीनं सापडल्याची खूण. फोटोवाल्यानं टाळी वाजवली. हॅलोबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. आपल्या दोन हातांनी एक यंत्र जिवंत केलं आणि मेलं तेव्हा ते परत उठवलंही. त्यांचा ऊर असा भरून आला, की बोर्ड टेम्पोत गेला त्या दिवशी न आलेलं पाणी आज डोळ्यांत आलं. त्यांनी ते पुसलं नाही. आनंदाचं होतं, बघू दे ज्याला बघायचं त्याला.

मग त्यांना करार आठवला.

त्यांनी अंगठी घातली, घड्याळ बांधलं आणि जाऊन फोनपाशी खुर्चीत बसल्या. "पहिल्या फटक्यात नाही लागला," म्हणाल्या.

"आई, चूक माझी आहे," लेक म्हणाली. "सरावाला दिलेला बोर्ड झिजलेला होता. नवा किती घट्ट असतो हे मी तुला सांगायलाच हवं होतं."

"लाइन लागली नाही तर गिऱ्हाइकाला कारणं सांगत नाहीत. ठरलं ते ठरलं."

लेकीनं पुढं वाद घातला नाही. मशीनमध्ये जे भरायचं ते भरलं, खोकं बांधलं, फोटोवाल्याच्या हातात दिलं. तो दारात थांबला. "काही अडलं तर तुम्हाला विचारायचं ना?"

"मला नाही, त्यांना," लेक म्हणाली. "जोडणी त्यांची आहे. त्या टेबलाशी बसतात त्या."

हॅलोबाईंनी कान टवकारले. पण गिऱ्हाइकासमोर वाद घालणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. फोटोवाला खोकं सांभाळत पायरी उतरला, तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं. "का गं, खोटं का सांगितलंस त्याला?"

लेक टेबलाखाली गेली होती. खुडबुड ऐकू येत होती. हॅलोबाईंना वाटलं, स्क्रू पडला असेल. त्या शोधायला मदत करावी म्हणून उठल्या आणि वाकून बघतात तो लेक जमिनीवर फतकल मारून बसलेली, हातात पाना, आणि स्टुलाचा मधला नट फिरवून ती त्याची बैठक खाली आणत होती. चांगला गंजलेला नट. तिचे हात काळे झाले होते.

"अगं, हे काय करतेस?"

"खोटं ठरू नये म्हणून," लेक नटावर जोर लावत म्हणाली. "त्या मेलेल्या मशीनपाशी माझा तो जोडणीचा माणूस असता ना, तर त्यानं सगळं उपटून पहिल्यापासून सुरू केलं असतं. मीही तेच केलं असतं. मला असा हात हवाय इथं." तिनं स्टूल पुढं सरकवलं. "बस बघ. पाय टेकतात का?"

हॅलोबाई बसल्या. समोर टेबल, टेबलावर न उघडलेल्या खोक्यांची चळत. त्यांनी पाय खाली सोडले, टाचा टेकवल्या, मागे-पुढे होऊन पाहिलं.

"टेकतात," त्या म्हणाल्या. "पण अजून बोटभर खाली घे. रोज बसायचंय मला."